उपाशी कोल्ह्याचा भाला

फोनवर खेळत बसणाऱ्या माणसांविषयी यॉम सो-रानचं मत ठाम होतं, आणि ते ऐकीव नव्हतं. तिचा बापच खेळणारा होता.

ग्वांग-सिक वजनमाप खात्यातून निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्यांना 'तराजूच्या काट्यासारखा सरळ माणूस' म्हटलं होतं. हा सरळ काटा शेवटची कित्येक वर्षं टेबलाच्या खणात फोन उघडा ठेवून नोकरी करत होता, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. खणातल्या त्या जगात ग्वांग-सिक यांचं नाव 'पांढरा सेनापती' होतं. तिथे हजारो माणसं एकाच वेळी उतरतात, कुळं बांधतात, राक्षस मारतात, एकमेकांना मारून एकमेकांची हत्यारं पळवतात. आणि ही काही शाळकरी पोरं नव्हेत. दातांचे डॉक्टर, रस्त्यांचे ठेकेदार, चर्चचे खजिनदार. केस विरळ झालेली, गुडघे दुखणारी, घरात बायकोवर आवाज चढवणारी माणसं.

नुसते खेळले असते तर सो-रानने फार तर नाक मुरडलं असतं. पण ग्वांग-सिक खेळत नसत, सोवळं पाळत. हत्याराची ताकद वाढवायची तर एक कळ दाबावी लागते. हत्यार एक तर बळकट होतं, नाही तर मोडून नाहीसं होतं. ती निव्वळ संभाव्यता, खेळ बनवणाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवलेली. कळ कोण दाबतो, कुठे बसून दाबतो, याचं तिला काही सोयरसुतक नसतं. ग्वांग-सिक मात्र आधी कोपरापर्यंत हात धुणार, मग खेळातल्या एका विहिरीला प्रदक्षिणा घालणार, मग डाव्या अंगठ्याने कळ दाबणार. एखादी प्रदक्षिणा वाकडी पडल्यासारखी वाटली की पुन्हा हात धुण्यापासून सुरुवात. थंडीच्या दिवसांत कातडी फुटून रक्त यायचं. आई मलमाची डबी आणून ठेवायची.

कळ दाबायच्या दिवशी घरात 'मोडलं', 'पडलं', 'घसरलं' हे शब्द काढायचे नाहीत. आणि समुद्रशेवाळाचं सूप तर करायचंच नाही, कारण शेवाळ बुळबुळीत. नशीब त्यावरून घसरतं. परीक्षेच्या सकाळी ते सूप कोणीच पीत नाही, हे खरं. पण परीक्षा कधीतरी संपते. सो-रानच्या एका वाढदिवसाला, ज्या सकाळी कुठल्याही कोरियन घरात पोरासमोर हेच सूप येतं, तिच्यासमोर मुळ्याचं सूप आलं. संध्याकाळी सेनापतींचा भाला बळकट व्हायचा होता.

"पोरीचा वाढदिवस वर्षातून एकदा येतो हो," आई म्हणाली होती.

"असा भाला आयुष्यात एकदा येतो," ग्वांग-सिक म्हणाले होते, आणि ते चेष्टा करत नव्हते.

सो-रान रसायनशास्त्र शिकली आणि देजॉन शहराच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागली. लग्नाचा विषय निघाला तेव्हा तिची अट एकच होती. आईचं आयुष्य आपल्याला नको, बस्स. हाम इन-ग्यू दुसऱ्यांदा भेटला तेव्हा कॉफी यायच्या आतच तिने विचारून टाकलं.

"तू खेळतोस का?"

"फुटबॉल?"

"फोनवर. कुळंबिळं, भालेबिले."

"अगं, ती रिकामटेकडी जमात!" इन-ग्यू म्हणाला. "आमच्या ऑफिसात आहे एक. एवढा चाळिशीचा घोडा, वाफाळता भात टाकून पळतो, का तर कुठलंतरी जनावर उगवलं. अशांना मुलगी कोण देतं, मला कळत नाही."

बोलताना त्याच्या वरच्या ओठाला एक बारीक मुरड पडली होती. सो-रानला ती मुरड फार आवडली. गोड बोलणारे पुष्कळ भेटले होते. तिच्याइतक्या तुच्छतेने बोलणारा हा पहिलाच.

इन-ग्यू लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत देखरेखीच्या कामावर होता. त्याचा फोन कायम टेबलावर पालथा असायचा, आणि कायम गरम. "लोक लिफ्टमध्ये अडकतात, फोन चालू ठेवावाच लागतो," तो म्हणायचा. जेवता जेवता तो हात धुवायला उठायचा, आणि ठरलेल्या वेळेला उठायचा. सो-रानने त्यावरून निष्कर्ष काढला की माणूस स्वच्छ आहे. पाण्यातला शिशाचा कणभर अंश शोधून काढणाऱ्या बाईला एवढं सुचू नये, की नुसती पडून राहिलेली वस्तू गरम राहत नाही. ऊब असेल तर आत काहीतरी काम चाललेलं असतं. पण प्रेमात पडलेली माणसं उष्णतेचे नियमही सवडीने पाळतात.

वर्षभराने दोन्ही घरांची बैठक ठरली. शनिवारी दुपारी, युसॉंगच्या एका जुन्या भोजनगृहातल्या बंद खोलीत. इन-ग्यूला वडील नव्हते. त्याची आई गोंगजूहून बसने आली होती, केस कालच कुरळे करून घेतलेले, हातात चेस्टनटच्या वड्यांचा डबा.

"बाबा, फोन घरी ठेवायचा," सो-रानने निघताना बजावलं होतं.

"घरीच ठेवलाय," ग्वांग-सिक म्हणाले होते आणि कोटाचा खिसा हाताने दाबून धरला होता.

बैठक सुरळीत चालली होती. ग्वांग-सिक यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "हाम म्हणजे मूळचे कुठले हाम?"

"गांगनुंगचे, बाबा," इन-ग्यू म्हणाला.

"बरं," ग्वांग-सिक म्हणाले आणि त्यांचा उत्साह तिथेच संपला. पुढचा सगळा भार बायकांनी उचलला. इन-ग्यूच्या आईने सांगितलं की मुलाने कधी दारूला हात लावला नाही. सो-रानच्या आईने सांगितलं की मुलगी तोंडाने फटकळ आहे पण मनाची वाईट नाही. दोघींनी एकमेकींच्या किमचीची, न चाखताच, तारीफ केली.

मग सूप आलं. समुद्रशेवाळाचं, पितळी वाट्यांतून, प्रत्येकासमोर एक.

ग्वांग-सिक यांनी उलट्या हाताने वाटी बाजूला सारली आणि उचलून मागे जमिनीवर ठेवली. सो-रानला त्याचं नवल नव्हतं. पण त्याच वेळी समोर बसलेल्या इन-ग्यूनेही वाटी सारली. उलट्या हाताने. आणि मागे जमिनीवर ठेवली.

"अरे, पी की!" त्याची आई म्हणाली. "लहानपणी दोन दोन वाट्या ओरपायचास."

"आज नको, आई."

"आज काय उपास आहे तुझा?"

सो-रानने चमचा खाली ठेवला. एका निरीक्षणावरून काही सिद्ध होत नाही, तिने मनाला सांगितलं. पोट बिघडलं असेल. तिच्या आईनेही ते पाहिलं होतं. आईने मान खाली घातली आणि माशातले काटे काढायला घेतले.

दुसऱ्या निरीक्षणाला फार वेळ लागला नाही. ग्वांग-सिक यांचा कोट आणि इन-ग्यूची मांडी एकाच क्षणी गुरगुरली. तीन छोटे झटके आणि एक लांब. ग्वांग-सिक यांचा हात खिशाकडे गेला, इन-ग्यूचा मांडीखाली, आणि दोघेही अर्ध्यावर थांबले.

"ऑफिसचा," इन-ग्यू म्हणाला.

"ऑफिसचा," ग्वांग-सिक म्हणाले.

"तुम्ही निवृत्त होऊन दोन वर्षं झाली," आई माशाकडेच बघत म्हणाली.

पण ग्वांग-सिक यांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते जावयाकडे टक लावून बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सो-रानने कितीतरी वर्षांत न पाहिलेली गोष्ट उमटली होती: दुसऱ्या माणसाबद्दलची उत्सुकता.

"लोहशिंग्या?" त्यांनी हळूच विचारलं.

इन-ग्यू कानापर्यंत लाल झाला. "...हो."

"उगवायच्या आधीची सूचना लावून ठेवता?"

"लावतोच ना. सकाळचा आम्हीच मारला."

"तू खेळतोस?" सो-रान म्हणाली.

"खेळत नाही गं. म्हणजे... तसं खेळणं नाही ते."

"थांब जरा, सो-रान," ग्वांग-सिक तिच्याकडे न बघता म्हणाले. गांगनुंगच्या हाम घराण्याला जी मिळाली नव्हती ती आस्था आता त्यांच्या आवाजात ओसंडत होती. ते टेबलावर पुढे झुकले. "आम्ही म्हणजे कोण? कूळ कुठलं तुमचं, जावईबापू?"

"चंद्रदंश."

ग्वांग-सिक यांच्या हातातल्या जेवणाच्या काड्या खाली आल्या. "चंद्रदंश," ते म्हणाले. "आणि नाव?"

"बाबा, राहू द्या ना. आज चांगला दिवस आहे," इन-ग्यू म्हणाला.

"नाव सांग." 'जावईबापू' गेले, 'तुम्ही' गेलं.

इन-ग्यूने किमचीच्या ताटलीला उद्देशून नाव सांगितलं. "उपाशी कोल्हा."

हे नाव यॉम घराण्यात जुन्या दुखण्यासारखं माहीत होतं. आजोबांच्या श्राद्धाला, पूर्वजांपुढे डोकं टेकवताना, ग्वांग-सिक यांचा फोन खिशात आपोआप लढत होता. माणसाने हात लावायचीही गरज नसते, सेनापती आपला आपण मारत सुटतो. नमस्कार संपायच्या आत उपाशी कोल्ह्याने मागून येऊन सेनापतींना लोळवलं आणि हातातून पडलेला भाला उचलून नेला. तोच तो भाला. ग्वांग-सिक यांनी त्यानंतर वडिलांच्या श्राद्धाला वाकणं सोडून दिलं होतं. ते उभ्यानेच हात जोडत आणि एक डोळा उघडा ठेवत.

"चोर!" ग्वांग-सिक गुडघ्यांवर उठले. "बापाच्या श्राद्धात मागून वार करणारा तू!"

"मला काय माहीत श्राद्ध आहे? पटांगणात उभे होता तुम्ही, आपोआप लढत. असं कोणी भाला घेऊन उघड्यावर उभं राहतं का?"

"हे मला शिकवणार? विहिरीची दीक्षा घेतलेला भाला होता तो!"

"कुठली विहीर? पूर्वेची? तिथे काही होत नाही हो बाबा, सगळे म्हणतात. पुलाखाली उभं राहावं लागतं, पाण्याकडे पाठ करून."

"पुलाखाली!" ग्वांग-सिक कुत्सित हसले. "अंधश्रद्धा सगळी."

सो-रान ऐकत राहिली. तिच्या शेजारी इन-ग्यूची आई घाबरून एकाकडून दुसऱ्याकडे बघत होती. "कसला भाला?" तिने विचारलं. "इन-ग्यू, मेल्या, तू यांचा भाला चोरलास?"

"आई, तो खरा नाहीये."

"खरा नाही?" ग्वांग-सिक यांना ही चोरीपेक्षा मोठी शिवी वाटली. मग ते पुन्हा खाली बसले, कोट सारखा केला, आणि वजनमाप खात्याच्या आवाजात म्हणाले, "विहीणबाई, मला वाद वाढवायचा नाही. माझं म्हणणं सरळ आहे. यांनी माझा भाला परत करावा, आणि माझी मुलगी घेऊन जावी."

सो-रानने बापाकडे पाहिलंही नाही. त्याच्याबद्दल तिला नवीन काही कळायचं राहिलं नव्हतं. ती इन-ग्यूकडे बघत होती, प्रयोगशाळेत नळीतला रंग बदलायची वाट बघावी तशी, घाई न करता. तो 'हो' म्हणाला असता तरी तिला किळसच आली असती. 'मुलगी काय अदलाबदलीची वस्तू आहे का?' असं म्हणाला असता, तर कदाचित, खोटारडेपणासकट, त्याचं काहीतरी होऊ शकलं असतं.

इन-ग्यू विचार करत होता. मनापासून करत होता. कपाळावर आठी होती आणि ओठ हलत होते, जणू मनात कुठल्यातरी दोन गोष्टी तोलून बघतोय.

"बुधवारी वेढा आहे," तो शेवटी म्हणाला. "कुळाला शब्द दिलाय. बुधवारनंतर देतो. नक्की."

"अरे, नसलेला भाला द्यायला बुधवार कशाला लागतो?" त्याची आई म्हणाली.

"बुधवारनंतर," ग्वांग-सिक यांनी मान डोलावली. "समजू शकतो. वेढा म्हणजे वेढा." राग ओसरला होता, एका जातीची माणसं एकमेकांना ओळखतात. "मग तारीख त्यापुढची धरू. गुरुवार नको, गुरुवारी खेळाची दुरुस्ती असते आणि नंतर नवीन काहीतरी येतं."

"शनिवारी दुपारी?"

"शनिवारी दुपारी लोहशिंग्या."

"हां, खरंच की. मग रविवारी सकाळी, बाबा? सकाळी सगळे झोपलेले असतात."

"रविवार सकाळ उत्तम."

"मला नाही जमणार," सो-रान म्हणाली.

"रविवारी कसलं काम आहे तुला?" ग्वांग-सिक म्हणाले. "मग दुसरा वार सांग."

"कुठलाच नाही. सगळे वार तुम्हीच घ्या." ती उठली. इन-ग्यूच्या आईपुढे नीट वाकून तिने नमस्कार केला. "माफ करा, आई. तुमच्या वड्या छान होत्या." आणि दार सरकवून ती बाहेर गेली.

चपलाबुटांच्या फळीपाशी इन-ग्यूने तिला गाठलं. तो मोज्यांवरच धावत आला होता, फोन हातात.

"सो-रान, ऐक. मी सोडणारच होतो. लग्नानंतर."

"तू त्यांना रिकामटेकडी जमात म्हणाला होतास."

"आहेतच ते! मी त्यांच्यासारखा नाही. त्यांना सुटत नाही. मी कधीही सोडू शकतो."

"बरं."

"आत्ता सोडतो. तुझ्यासमोर. पुसून टाकतो कोल्ह्याला. बघ." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं, हे सो-रानने नाकारलं नाही. तिचा एक बूट पायात होता, एक हातात. ती थांबली.

"पूस," ती म्हणाली.

त्याने फोन उघडला. पडद्यावर एक काळा झगा घातलेली आकृती भाला घेऊन उभी होती, छाती वरखाली करत. इन-ग्यूने कुठेतरी दाबलं. खात्री करण्यासाठी नाव लिहा, असं फोनने सांगितलं. तो एकेक अक्षर लिहू लागला. सो-रानला क्षणभर, इच्छा नसताना, त्याची कीव आली.

"काय पुसतोय तो?" आतून ग्वांग-सिक यांचा आवाज आला, आणि पाठोपाठ ते स्वतः. गुळगुळीत फरशीवर मोज्यांनी घसरत, भिंतीला धरत, साठी उलटलेला माणूस वाऱ्यासारखा येऊन पोचला. बैठक मोडत असताना ते जागचे हलले नव्हते. "अरे, थांब! भाल्यासकट पुसतोस की काय? वेडा झालास? थांब, बाळा, थांब!"

"बाबा, मला आता काही नको..."

"आधी भाला काढ! माझ्या नावावर पाठव, मग पूस काय पुसायचं ते!" ग्वांग-सिक यांनी जावयाचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. "आयुष्य गेलंय रे माझं त्यात."

इन-ग्यूने त्यांच्याकडे पाहिलं. समोर एक म्हातारा माणूस खरोखर भेदरून उभा होता, आणि इन-ग्यू स्वभावाने मऊ होता.

"घाबरू नका, बाबा," तो हळू आवाजात म्हणाला. "लगेच नाही पुसलं जात. सात दिवसांची मुदत असते. तोवर केव्हाही रद्द करता येतं."

"असं होय," ग्वांग-सिक म्हणाले.

दोघांनीही एकदमच श्वास सोडला. मग इन-ग्यूला सो-रान तिथेच उभी आहे हे आठवलं.

सो-रानने दुसरा बूट चढवला आणि नाडी बांधली. तिला ओरडावंसं वाटलं नाही. नळीतला रंग बदलला की माणूस नोंद करतो आणि नळी धुवायला टाकतो. त्यात रागावण्यासारखं काय असतं?

तिने मान वर केली तोवर दोघांची डोकी फोनवर जवळजवळ टेकली होती.

"इथे दाबलं की परत येतो," इन-ग्यू सांगत होता. "हे बघा, इथे."

"मग दाबून ठेव ना आत्ताच. उगाच विसरलास तर?"

भाताची दगडी भांडी घेऊन येणारी वाढपीण वाट अडल्यामुळे थांबली. त्या दोघांकडे बघून ती कौतुकाने हसली. "काय बाई, जमलं वाटतं लग्न?"

"यांचं जमलं," सो-रान म्हणाली.

आई तिचा कोट घेऊन बाहेर आली होती. तिने तो झटकून सो-रानच्या खांद्यांवर घातला आणि कॉलर नीट केली, शाळेत पाठवताना करायची तशी.

"चल माझ्याबरोबर," सो-रान म्हणाली.

"मी कुठे येऊ? आत त्या बाई एकट्या बसल्यात. रडतायत. त्यांना वाटतंय, त्यांच्या पोराला आजच काहीतरी झालं."

"मग तू काय करणार?"

"बसते त्यांच्याजवळ. आता तो त्यांच्याच घरात राहणार ना. हाताला कुठलं मलम लागतं, तेवढं तरी सांगून ठेवते." आईने आत बघितलं. "मासाही तसाच पडलाय. एवढा चांगला भाजलाय. तू जा."

सो-रान गेली.